नारळ देण्याआधी

३ मे २०१४ च्या शनिवारी इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील टॉर्की गावात, प्लेनमूर नावाच्या लहानशा मैदानावर विकम वाँडरर्स हा संघ हंगामातील ४६ वा आणि शेवटचा सामना खेळायला उतरला, तेव्हा त्याचे भवितव्य त्याच्या स्वतःच्या हातात उरले नव्हते. लीग टू ही इंग्लिश फुटबॉलची चौथी श्रेणी. तिच्यातील २४ संघांपैकी तळाचे दोन संघ थेट फुटबॉल लीगमधूनच बाहेर पडतात. यजमान टॉर्की युनायटेडची घसरण आधीच निश्चित झाली होती. उरलेल्या जागेवर विकमचे नाव जवळजवळ लिहून झाले होते, कारण विकमचे गुण ४७ होते आणि लगेच वर असलेल्या ब्रिस्टल रोव्हर्स व नॉर्दॅम्प्टन टाउन यांचे प्रत्येकी ५०. विकमला जिंकायचे तर होतेच, पण त्या दोघांपैकी एकाने आपापल्या सामन्यात हरणेही आवश्यक होते. विकम ३-० ने जिंकला. तिकडे ब्रिस्टलच्या मेमोरियल स्टेडियमवर, दहा हजारांहून अधिक घरच्या प्रेक्षकांसमोर, ज्या रोव्हर्सला केवळ एक बरोबरी पुरली असती तो संघ मॅन्सफिल्डकडून ०-१ असा हरला. दोघांचे गुण सारखे झाले, गोलफरकावर विकम तरला आणि १९२० पासून फुटबॉल लीगमध्ये असलेला रोव्हर्स बाहेर पडला.

त्या हंगामात या तीन क्लबांनी आपापल्या मॅनेजरबाबत काय केले, हे पाहण्यासारखे आहे. टॉर्कीने जानेवारीत अॅलन निल यांना काढून ख्रिस हारग्रीव्ह्ज यांना आणले. रोव्हर्सने मार्चअखेर, जेमतेम आठ सामने शिल्लक असताना, जॉन वॉर्ड यांना ‘डायरेक्टर ऑफ फुटबॉल’ या पदावर हलवून त्यांचे सहायक डॅरेल क्लार्क यांच्याकडे संघ सोपवला. विकमने मात्र गॅरेथ एन्सवर्थ यांना हंगामभर हात लावला नाही, आणि हंगाम असा होता की त्यांना नारळ देण्यासाठी संचालकांना वेगळे कारण शोधावे लागले नसते. ज्यांनी बदल केला ते दोघे गेले, ज्याने केला नाही तो राहिला. एवढ्यावरून निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण ते घाईचे ठरेल, कारण नॉर्दॅम्प्टननेही त्याच हंगामात मॅनेजर बदलला होता आणि तो संघ वाचला. त्या उदाहरणाकडे मी पुढे येणारच आहे, कारण माझ्या मताला सर्वांत मोठा अडसर त्याचाच आहे.

माझे मत असे की तळाशी अडकलेल्या लहान क्लबाने हंगामाच्या मध्यावर, केवळ निकाल वाईट आहेत म्हणून, मॅनेजरला काढू नये. काढायचेच असेल तर त्याच्या जागी नेमके कोण येणार, त्याला खेळाडू घेण्याची मुदत मिळणार का आणि हंगामाचा शेवट काहीही झाला तरी तो टिकणार का, या प्रश्नांची उत्तरे आधी हातात असली पाहिजेत. ती नसताना केलेली हकालपट्टी हा निर्णय नसतो. संचालक मंडळाने आपल्या अस्वस्थतेला करून दिलेली ती वाट असते, आणि तिची किंमत क्लब पुढची दोन-तीन वर्षे फेडत राहतो.

इंग्लंडमधल्या खालच्या श्रेणीतला मॅनेजर म्हणजे केवळ प्रशिक्षक नव्हे, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. मोठ्या क्लबात खेळाडू निवडणारे वेगळे, करार करणारे वेगळे, आहार आणि व्यायाम पाहणारे वेगळे असतात. लीग टूमध्ये यातले बरेचसे ओझे एकाच माणसाच्या आणि त्याच्या दोन-तीन सहायकांच्या खांद्यावर असते. शनिवारी सामना, मंगळवारी रात्री दुसरा, आणि मधल्या काळात बसचा प्रवास. कार्लाइल आणि प्लिमथ हे दोन्ही संघ या श्रेणीत एकत्र होते तेव्हा त्यांच्या गावांमधले अंतर रस्त्याने सहाशे किलोमीटरहून अधिक भरत असे. वरच्या श्रेणीतल्या क्लबाकडून उसना घेतलेला १९-२० वर्षांचा मुलगा या गावात येतो तो बहुधा या मॅनेजरच्या शब्दावर. ‘त्याला मी खेळवीन, सांभाळीन’ असे त्याने फोनवर कुणाला तरी सांगितलेले असते. मॅनेजर गेला की तो शब्दही जातो.

हकालपट्टीनंतरचे पंधरा दिवस जवळून पाहिले तर खर्च कुठे कुठे होतो ते कळते. जाणाऱ्याचा करार शिल्लक असतो, त्याची भरपाई द्यावी लागते. त्याच्याबरोबर सहायक जातो, पुष्कळदा गोलरक्षकांचा प्रशिक्षकही जातो, आणि त्यांचीही देणी असतात. येणारा आपली माणसे घेऊन येतो. त्याला आधीच्याने घेतलेले चार-पाच खेळाडू नको असतात, पण त्यांचे करार उन्हाळ्यापर्यंत किंवा त्याहून पुढचे असतात. मग ते खेळाडू सकाळी मुख्य संघापासून वेगळे, मैदानाच्या एका कडेला सराव करतात, पूर्ण पगार घेतात आणि शनिवारी घरी बसतात. चार-पाच हजार प्रेक्षकांच्या तिकिटांवर आणि स्थानिक दुकानदारांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या क्लबाला एकाच वेळी दोन संघांचा पगार परवडत नाही. या श्रेणीत उलाढालीच्या ठरावीक हिश्श्यापलीकडे पगारावर खर्च करण्याची मुभाही नसते, त्यामुळे जुन्यांचा पगार हा नव्यांच्या खरेदीतूनच कापला जातो. नव्या मॅनेजरला जे हवे असते तेच त्याला मिळत नाही, आणि ते मिळाले नाही म्हणून सहा महिन्यांनी त्यालाही जावे लागते.

तरीही क्लब हा मार्ग पुन्हा पुन्हा का घेतात? कारण बहुतेक वेळा त्यानंतर निकाल खरोखर सुधारतात. चाहत्यांना ते दिसते, संचालकांना दिसते, वृत्तपत्रांत छापून येते. पण मॅनेजर केव्हा काढला जातो ते पाहा. सलग सहा-सात पराभव झाल्यावर, म्हणजे संघ आपल्या नेहमीच्या कुवतीच्याही खाली गेलेला असताना. जखमी खेळाडू परत येतात, खांबाला लागून बाहेर जाणारे फटके आत जाऊ लागतात, जड प्रतिस्पर्ध्यांचा पट्टा संपतो आणि संघ आपल्या मूळ पातळीकडे परततो. मॅनेजर तोच राहिला असता तरी तो परतलाच असता. ताप उतरायच्या दिवशी लावलेल्या अंगाऱ्याला गुण येतो, तसाच हा प्रकार आहे. बास तेर वेल या डच अर्थतज्ज्ञाने १९८६ ते २००४ या काळातील हॉलंडच्या फुटबॉलचा अभ्यास करून हेच तपासले. ज्या क्लबांनी घसरगुंडीनंतर प्रशिक्षक काढला त्यांच्या शेजारी, तशीच घसरगुंडी होऊनही प्रशिक्षक न काढणारे क्लब त्याने ठेवले, तेव्हा दोन्हीकडे सुधारणा जवळजवळ सारखीच आढळली. फुटबॉलच्या अर्थकारणाचे अभ्यासक स्टीफन शिमान्स्की यांनी इंग्लंडबाबत अनेक वर्षे दाखवून दिलेली गोष्टही याला जोडून पाहावी: दीर्घ काळात संघाचा गुणतालिकेतला क्रमांक ठरवण्यात सर्वांत मोठा वाटा खेळाडूंच्या पगारपत्रकाचा असतो. ज्या क्लबाचे पगारपत्रक श्रेणीत विसाव्या क्रमांकाचे आहे तो क्लब विसाव्या क्रमांकावर असेल, तर मॅनेजरचा अपराध कोणता, हे संचालकांनी सांगायला हवे.

विकमची अवस्था त्या काळी नेमकी अशी होती. २०१२ मध्ये क्लबाची मालकी चाहत्यांच्या ट्रस्टकडे आली होती आणि पैसे वाचवण्यासाठी त्याच वर्षी तरुण खेळाडूंची अकादमीच बंद करण्यात आली होती. अशा क्लबाने बावीसावा क्रमांक मिळवला तर त्याचा दोष एका माणसावर टाकून मोकळे होणे सोयीचे असले, तरी न्याय्य नव्हे. अर्थात एक गोष्ट मला लपवायची नाही. खुद्द एन्सवर्थ या पदावर आले ते सप्टेंबर २०१२ मध्ये गॅरी वॉडॉक यांना काढल्यामुळेच. तेव्हा ते संघातले खेळाडू होते आणि सुरुवातीला त्यांना तात्पुरते नेमले होते. म्हणजे हकालपट्टीतून चांगले काही निघूच शकत नाही, असे म्हणायला मला जागा नाही. माझे म्हणणे एवढेच की त्या हकालपट्टीतून जे चांगले निघाले ते निघायला आठ वर्षे लागली, आणि त्यातली पहिली दोन पाहून कोणीही निराश झाले असते.

आता नॉर्दॅम्प्टन. डिसेंबर २०१३ मध्ये या क्लबाने एडी बूथरॉइड यांना काढले, आणि जानेवारीच्या अखेरीस ऑक्सफर्ड युनायटेड सोडून आलेले ख्रिस वाइल्डर यांच्याकडे सूत्रे दिली. त्या वेळी नॉर्दॅम्प्टन तळाला होता. हंगामाच्या शेवटच्या दिवशी वाइल्डर यांच्या संघाने, योगायोग असा की ऑक्सफर्डलाच, ३-१ ने हरवले आणि तो वाचला. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच क्लबाने ९९ गुण मिळवून लीग टूचे विजेतेपद घेतले. तळाशी असलेल्या कोणत्याही क्लबाचे संचालक रात्री जागे असतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हेच उदाहरण असते, आणि त्याला ‘अपवाद’ म्हणून बाजूला सारणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पण नॉर्दॅम्प्टनने काय केले, हे बारकाईने पाहिले पाहिजे. वाइल्डर हे नवखे नव्हते. फुटबॉल लीगबाहेर गेलेल्या ऑक्सफर्डला २०१० मध्ये त्यांनीच परत आत आणले होते. पाच वर्षांहून अधिक काळ एकाच क्लबात राहून, अपुऱ्या पैशांत संघ कसा बांधायचा, हे त्यांनी करून दाखवले होते. ते आले तेव्हा जानेवारीची खेळाडू घेण्याची मुदत संपलेली नव्हती आणि पुढे तीन महिन्यांहून अधिक काळ शिल्लक होता. रोव्हर्सकडे यातले काहीच नव्हते. आठ सामने उरलेले असताना संघ त्याच क्लबातल्या सहायकाच्या हाती दिला गेला. क्लार्क काय वेगळे करणार होते? त्याच खेळाडूंना, त्याच मैदानावर, त्याच भीतीच्या छायेत ते काय शिकवू शकणार होते? मला वाटते, रोव्हर्सच्या संचालकांना नव्या मॅनेजरपेक्षा ‘काहीतरी केले’ याचे समाधान हवे होते. शेवटच्या दिवशी सकाळी रोव्हर्स तळाच्या दोघांत नव्हता, हे विसरू नये. बुडत्याने काडीचा आधार घ्यावा हे समजण्यासारखे आहे, पण जो अजून पोहतो आहे त्याने हातातला ओंडका सोडून काडीकडे झेप घ्यावी, हे समजण्यासारखे नाही.

रोव्हर्सची गोष्ट इथे संपत नाही, आणि तिचा पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ९४ वर्षांचा वारसा गमावणाऱ्या संघाचा मॅनेजर म्हणून क्लार्क यांचे नाव कायमचे नोंदले गेले होते. त्यांना त्या उन्हाळ्यात निरोप दिला असता तर रोव्हर्सच्या चाहत्यांत कुणी हळहळले नसते. क्लबाने त्यांना ठेवले. मे २०१५ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर बढतीच्या अंतिम सामन्यात ग्रिम्झबीला पेनल्टींवर हरवून रोव्हर्स एकाच वर्षात फुटबॉल लीगमध्ये परतला. त्याच्या पुढच्या वर्षी, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, डॅगनमविरुद्ध भरपाईच्या वेळेत ली ब्राउन यांनी गोल केला आणि रोव्हर्स थेट तिसऱ्या श्रेणीत गेला. लागोपाठ दोन बढत्या, आणि त्या मिळवणारा माणूस तोच, ज्याच्या नावावर घसरण लिहिली गेली होती. त्या गोलामुळे गोलफरकावर ज्याची बढती हुकली तो क्लब होता अॅक्रिंग्टन स्टॅन्ले. त्यानेही आपल्या जॉन कोलमन यांना काढले नाही, आणि २०१८ मध्ये तो लीग टूचा विजेता झाला.

उलट दिशेचे उदाहरणही फार जुने नाही. ग्लॉस्टरशरमधील नेल्सवर्थसारख्या छोट्या गावातला फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स २०२२ मध्ये रॉब एडवर्ड्स यांच्या हाताखाली लीग टूचा विजेता झाला. एडवर्ड्स वॉटफर्डला निघून गेले, आणि तिसऱ्या श्रेणीत चाचपडणाऱ्या या क्लबाने जानेवारी २०२३ मध्ये इयन बर्चनल यांना काढून डंकन फर्ग्युसन यांना आणले. १८ सामन्यांत एक विजय मिळाला आणि संघ खाली आला. जुलैमध्ये फर्ग्युसन गेले. हॅना डिंगली यांनी काही दिवस संघ सांभाळला. इंग्लंडमध्ये पुरुषांच्या व्यावसायिक संघाची सूत्रे घेणाऱ्या त्या पहिल्या महिला, आणि एरवी या घटनेला जे महत्त्व मिळायला हवे होते ते या धावपळीत झाकोळले गेले, याचे मला आजही वाईट वाटते. मग डेव्हिड हॉर्समन आले आणि डिसेंबरमध्ये गेले. ट्रॉय डीनी आले आणि सहा सामन्यांनंतर, महिना भरण्याच्या आत, गेले. त्यांच्या जागी स्टीव्ह कॉटरिल आले. सुमारे एका वर्षात सहा माणसांनी त्या खेळाडूंना सहा तऱ्हांनी उभे केले. एकाला बचाव तिघांचा हवा, दुसऱ्याला चौघांचा. एकाला चेंडू जमिनीवरून खेळवायचा, दुसऱ्याला लांब फेकायचा. २०२४ च्या वसंतात फॉरेस्ट ग्रीन फुटबॉल लीगमधूनच बाहेर गेला. चौथ्या श्रेणीचा विजेता दोन वर्षांत पाचव्या श्रेणीत. यातला प्रत्येक मॅनेजर अपात्र होता, असे मानायला मन तयार होत नाही. त्यांना निवडणारी व्यवस्था मात्र सहाही वेळा तीच होती.

लीग टूमधल्या क्रॉली टाउननेही २०२२ च्या अखेरीस असेच केले. केव्हिन बेट्सी चार महिन्यांत गेले आणि मॅथ्यू एदरिंग्टन तीन सामन्यांनंतर. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या स्कॉट लिंडझी यांच्यापाशी क्लब थांबला, बावीसाव्या क्रमांकावर कसाबसा वाचला, त्यांना हंगाम संपल्यावरही ठेवले, आणि मे २०२४ मध्ये वेम्बलीवर बढतीच्या अंतिम सामन्यात क्रू या संघाला २-० ने हरवून वर गेला. थांबणे हेच तिथले औषध ठरले.

माझ्या मताविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप पैशांचा आहे, आणि तो मी हलका लेखत नाही. लीगमधून बाहेर पडलेल्या क्लबाचे उत्पन्न आटते, करार तुटतात, कार्यालयात वीस वर्षे काम केलेल्या बाईंची नोकरी जाते. पाचव्या श्रेणीतून वर येण्याच्या जागा दोनच, त्यांतली थेट एकच. त्यामुळे एकदा खाली गेलेले मोठमोठे क्लब वर्षानुवर्षे तिथे अडकले. एवढे पणाला लागलेले असताना जुगार खेळायला काय हरकत आहे, असे विचारले जाते. हरकत अशी की जुगारात निदान पत्ते तरी नवे वाटले जातात. खेळाडू घेण्याची मुदत संपल्यावर केलेल्या बदलात पत्ते तेच राहतात, वाटणारा तेवढा बदलतो. २०१६ पूर्वी हंगामाच्या मध्यावर तातडीने खेळाडू उसने घेण्याची सोय या श्रेणींना होती, ती आता नाही. त्यामुळे फेब्रुवारी ते मे या काळात येणाऱ्या मॅनेजरचे हात पूर्वीपेक्षा अधिक बांधलेले असतात. एवढा एक नियमबदल लक्षात घेतला तरी उशिराच्या हकालपट्ट्यांचा निम्मा युक्तिवाद कोसळतो.

दुसरा आक्षेप ड्रेसिंग रूमचा. खेळाडूंनी मॅनेजरचे ऐकणे सोडले असेल तर? तर काढावे, आणि त्याच दिवशी काढावे. याबाबत माझ्या मनात संदेह नाही. गैरवर्तन असेल, खेळाडूंना अपमानास्पद वागणूक असेल, किंवा मॅनेजरनेच मनातून हात टेकले असतील, तरीही काढावे. पण ही अवस्था ओळखण्याची खूण पराभव ही नाही. पराभूत संघातले खेळाडू ९० व्या मिनिटालाही चेंडूमागे परत धावत असतील, सरावाला वेळेवर येत असतील, गोल खाल्ल्यावर एकमेकांकडे हातवारे करण्याऐवजी चेंडू उचलून मध्यावर नेत असतील, तर ते अजून मॅनेजरचेच आहेत. उलट चार सामने जिंकणाऱ्या संघातही फूट पडलेली असू शकते. संचालकांनी हे पाहण्यासाठी गुणतालिकेसमोरून उठून मंगळवारी सकाळी सरावाच्या मैदानावर जायला हवे, आणि फार थोडे संचालक जातात.

तिसरा आक्षेप चाहत्यांचा, आणि तो मला सर्वांत जवळचा आहे, कारण मी स्वतः चाहता आहे. पाऊस-थंडीत, दुसऱ्या गावी, पदरचे पैसे घालून जाणाऱ्या माणसाला ‘धीर धरा’ असे सांगण्याचा अधिकार उबदार खोलीत बसलेल्या संचालकाला नाही, हे मला मान्य आहे. पण चाहत्यांच्या मालकीच्या क्लबांनीच हा धीर अनेकदा दाखवला आहे, याचे मला विशेष वाटते. विकमचे सांगून झाले. २००३ पासून चाहत्यांच्या ट्रस्टकडे असलेला एक्झिटर सिटी नोव्हेंबर २०१६ मध्ये लीग टूच्या तळाला होता. दहा वर्षे तिथे असलेल्या पॉल टिझडेल यांच्याविरुद्ध नाराजी काही थोडी नव्हती. तोच संघ त्या हंगामाच्या शेवटी पाचवा आला आणि वेम्बलीवर बढतीचा अंतिम सामना खेळला. सामना हरला, ही गोष्ट वेगळी. ज्यांचे स्वतःचे पैसे आणि स्वतःचे गाव गुंतलेले असते ते रागावतात, ओरडतात, पण क्लब उद्याही असला पाहिजे याचे भान त्यांना मालकांपेक्षा अधिक असते.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा वाटत असेल तर मुंबई एफसीची आठवण काढावी. २००७ मध्ये स्थापन झालेला हा क्लब आय-लीगमध्ये कधी मोठा झाला नाही. २००९ पासून सात वर्षे खालिद जमील यांनी तुटपुंज्या पैशांत, फारसे नाव नसलेल्या खेळाडूंना घेऊन, त्याला दर वर्षी तळापासून वर धरून ठेवले. त्यांच्या संघाचा खेळ देखणा नव्हता. कूपरेजच्या गॅलरीत बसून पाहताना तो बचाव, ती लांब फेक, ते एक-शून्य कंटाळवाणे वाटे, आणि आता वेगळा माणूस हवा असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. २०१६ मध्ये जमील आणि क्लब वेगळे झाले. त्यांच्या जागी आलेले संतोष कश्यप हंगाम पुरा होण्याआधी गेले आणि ऑस्कर ब्रुझोन आले. २०१६-१७ च्या हंगामात मुंबई एफसी दहा संघांत शेवटचा आला, त्याची घसरण झाली, आणि नंतर क्लबच बंद पडला. त्याच हंगामात जमील गेले होते ऐझॉलला. आदल्या वर्षी घसरण झालेला आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे पुन्हा आत घेतला गेलेला हा मिझोरामचा संघ ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून आय-लीगचा विजेता झाला. ईशान्येतील क्लबाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. जमील मुंबईत राहिले असते तर मुंबई जिंकली असती, असे मी म्हणणार नाही. पण दर वर्षी शेवटचा न येण्यासाठी किती काम करावे लागते, हे आम्हाला ते काम थांबल्यावर कळले.

एन्सवर्थ हेही काही जादूगार नव्हेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते विकम सोडून क्वीन्स पार्क रेंजर्सकडे गेले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना तिथून काढण्यात आले. माणूस तोच होता, पण क्लब, खेळाडू आणि दिलेला वेळ वेगळा होता. म्हणूनच मॅनेजरची लायकी हा सुटा गुण आहे असे समजून, त्याला बाजारातून आणता येते आणि बाजारात परत टाकता येते, हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो. संचालकांनी मॅनेजरचे मूल्यमापन जरूर करावे, पण ते हंगाम संपल्यावर, पगारपत्रक शेजारी ठेवून, आणि त्याने घेतलेले खेळाडू व त्याच्यावर लादलेले खेळाडू वेगळे मांडून करावे. तोवर नोव्हेंबरमध्येच जाहीर करावे की मेपर्यंत या विषयावर चर्चा होणार नाही. त्या एका घोषणेने खेळाडूंपुढची एक पळवाट बंद होते: ‘हा जाईल, मग पाहू’ असे म्हणायची सोय राहत नाही.

प्लेनमूरहून वाचून आल्यावर विकमने २०१४ च्या उन्हाळ्यात एन्सवर्थ यांना संघ नव्याने बांधू दिला. त्या उन्हाळ्यात घेतलेल्या खेळाडूंत जो जेकबसन नावाचा एक डावा बचावपटू होता. पुढच्याच हंगामात विकम चौथा आला आणि वेम्बलीवर बढतीच्या अंतिम सामन्यात साउथएंडकडून पेनल्टींवर हरला. त्यानंतरही मॅनेजर तोच राहिला. २०१८ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. १३ जुलै २०२० रोजी, महासाथीमुळे रिकाम्या असलेल्या वेम्बलीवर, ऑक्सफर्डविरुद्धच्या बढतीच्या अंतिम सामन्यात १-१ अशी बरोबरी असताना अकरा मिनिटे शिल्लक राहिली होती आणि विकमला पेनल्टी मिळाली. ती जेकबसन यांनी घेतली. सामना २-१ असा संपला, आणि क्लब आपल्या इतिहासात प्रथमच दुसऱ्या श्रेणीत गेला.